अंग जिकडे, पंख तिकडे

उपसाहेबांना आकाशात उडायची हौस होती असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. घरातला पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी त्यांना घेरी यायची, आणि खाली बायकोने स्टूल नीट धरलंय ना, याची ते दर पात्याला खात्री करून घ्यायचे. त्यांना हौस होती ती एकाच गोष्टीची, आपल्या हुद्द्याआधीचा 'उप' एकदाचा गळून पडावा ही. वस्तुसंग्रहालयात ते उपसंग्रहपाल म्हणून लागले आणि डोक्यावरचे केस आधी पांढरे झाले, मग विरळ झाले, पण 'उप' जागचा हलला नाही. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना उपसाहेब म्हणत. त्यांच्या बायकोला उपवहिनी म्हणत. घरात मांजर असतं तर त्याचीही सुटका झाली नसती.

एक काम मात्र संस्थेत पूर्णपणे त्यांचं होतं, त्यात ते कुणाचेही उप नव्हते. ते म्हणजे आभारप्रदर्शन. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आभार मानणारे गृहस्थ सर्दीमुळे आले नाहीत म्हणून यांना उभं केलं, ते कायमचंच. पुढे पुढे अशी गत झाली की कुठल्याही सभेत उपसाहेब नुसते उठले, अगदी खिडकी लावायला उठले, तरी लोक खुर्चीखालच्या पिशव्या चाचपू लागत. एका शोकसभेत तर त्यांनी ओघाओघात दिवंगतांचेही 'वेळात वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल' आभार मानले होते. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आभार ऐकतो कोण?

तर या उपसाहेबांकडे संग्रहालयाचं उड्डाण दालन होतं. दालनात एका फुग्याची टोपली, विमानाचे तीन पंखे आणि भिंतीवर पक्ष्यांची चित्रं. फरशी गार होती म्हणून उन्हाळ्यात लोक येत आणि टोपलीला टेकून डुलक्या काढत. अध्यक्ष एकदा फेरफटका मारायला आले, घोरणाऱ्या प्रेक्षकांकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "उपसाहेब, इथं लोकांना काहीतरी करायला द्या. हात लावायला, ओढायला, लटकायला. गर्दी वाढली तर तुमच्या त्या 'उप'चंही बघू."

बस्स. एवढ्या एका वाक्यावर माणूस डोंगर खणायला निघतो.

गावाबाहेरच्या टेकडीवर हँग ग्लायडिंगचा, म्हणजे मोठ्या कापडी पंखाखाली लटकून उडण्याचा, एक क्लब होता. तिथले प्रशिक्षक म्हणजे एक वयस्कर, वाळके, वाकड्या नाकाचे गृहस्थ, बोलताना समोरच्याकडे न बघता वर आभाळाकडे बघायचे. सगळे त्यांना घार म्हणत आणि त्यांनाही ते आवडायचं. क्लबात एक जुना पंख पडून होता, उडायच्या लायकीचा राहिला नव्हता. घार म्हणाले, "पंख घेऊन जा. त्याखाली माणूस टांगा, समोर पडद्यावर आकाश दाखवा. तुमच्या लोकांची करमणूक होईल. फक्त सकाळी संग्रहालय उघडायच्या आधी माझी नवी पोरं त्यावर शिकतील. टेकडीवरून पडण्यापेक्षा पडद्यावर पडलेलं बरं."

म्हणजे पंख खरा, त्याखालची तिकोनी चौकट आणि तिची आडवी दांडी खरी, पोटावर पालथा टांगलेला माणूसही खरा. खोटं फक्त आकाश. उपसाहेबांना ही विभागणी फार आवडली. खोट्या आकाशातून पडायची भीती नव्हती.

पण आकाश खोटं असलं तरी लेखाधिकारी खरे होते. त्यांनी प्रस्ताव हातात धरून चष्म्यावरून विचारलं, "हे उडतं का?"

"नाही."

"मग वर 'उड्डाण' कशाला लिहिलंय?"

"उडाल्यासारखं वाटतं."

"वाटण्यासाठी आपल्याकडे तरतूद नाही," लेखाधिकारी म्हणाले. "उडत असेल तर विमान वाहतुकीचा परवाना आणा. उडत नसेल तर ते फर्निचर."

शेवटी ते कागदोपत्री 'फर्निचर, टांगते, नग एक' म्हणून आलं. वारा यावा म्हणून समोर मोठा पंखा हवा होता, तो एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमधून मिळाला. पंखा दणदणीत होता, पण सुरू केला की जाळीतून बारीक पिसं उडायची आणि दालनभर खुराड्याचा वास सुटायचा. उपसाहेबांनी भीतभीत तो लावून बघितला तेव्हा दोन प्रेक्षक म्हणाले, "वा! पक्ष्यांचा वाससुद्धा ठेवलाय." उपसाहेबांनी त्यावर नुसती मान हलवली. आपण न केलेल्या गोष्टीचं श्रेय नाकारण्याइतके ते अजून मोठे झाले नव्हते.

राहिली झोळी. माणूस ज्यात पालथा झोपतो ती कापडी खोळ, पट्ट्यांनी पंखाला टांगलेली. लेखाधिकाऱ्यांनी ती साफ नाकारली. "संस्थेच्या हातात झोळी आली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" असं त्यांचं म्हणणं. तेव्हा उपसाहेब घरी येऊन बायकोपुढे बसले.

त्यांची बायको शिवणकाम करायची. ब्लाउज-परकर नव्हे, सोफ्याची कव्हरं, दप्तरं, मोटारींची आच्छादनं, असलं जाड काम. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची भारी मशीन होती आणि त्या मशीनपुढे वाकून वाकून तिच्या पाठीने कधीच संप पुकारला होता. रात्री ती जमिनीवर उताणी पडून छताकडे बघत म्हणायची, "ही पाठ कुणीतरी काढून धुऊन वाळत घाला हो." उपसाहेब मलम चोळायचे. मलमाने त्यांचे हात गार व्हायचे, बाकी काही नाही.

झोळीचं ऐकून समोरच्या दारातल्या काकू लगेच आल्या. काकूंना बोलवावं लागत नसे. या घरात सुई पडली तरी त्या घरात काकू उठत. "पालथं टांगलं की अन्न वर येतं," त्यांनी सांगितलं. "आमच्या चुलतसासऱ्यांना पालथं झोपायची सवय होती, शेवटपर्यंत ढेकर थांबली नाही. आणि नायलॉनवर भरवसा ठेवू नका. माझी कपडे वाळत घालायची दोरी बघा. आणि मी म्हणते, एवढं लोकांना टांगायचंच आहे, तर विमा काढलाय का?"

बायकोने काकूंना चहा दिला आणि ताडपत्रीसारख्या निळ्या कापडाची झोळी शिवली. पट्ट्यांना तीन तीन वेळा शिलाई मारली. आणि मग म्हणाली, "मी शिवलेलं आधी मी वापरून बघणार. कुणाचं डोकं फुटलं तर नाव माझं जाईल."

रविवारी संग्रहालय बंद असताना ती दालनात गेली, झोळीत शिरली, घारांनी हुक अडकवला आणि ती जमिनीपासून दोन हातांवर पालथी तरंगू लागली. तिने हात सैल सोडले आणि डोळे मिटले. उपसाहेब घाबरून खाली वाकले आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा चेहरा खालून बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. तो चेहरा त्यांना अनोळखी वाटला.

"काय गं? उतरवू का?"

"अहो," ती म्हणाली, "पाठ दुखायची थांबली."

त्यानंतर ती रोज सकाळी यायला लागली. आधी पाठीसाठी, मग पडद्यासाठी, मग कशासाठी ते तिने सांगितलं नाही. क्लबातल्या कॉलेजच्या पोरांच्या रांगेत ही पन्नाशीची बाई साडीवर ट्रॅक पँट चढवून उभी राहायची. घार तिच्यावर खूश. "वहिनी, तुमचे हात हलके आहेत," ते आढ्याकडे बघत म्हणाले. "ही पोरं दांडी आवळून धरतात. तुम्ही कापडासारखी सरकू देता." महिनाभरात त्यांनी जाहीर केलं, की वाऱ्याचा हंगाम आला की वहिनींना टेकडीच्या खालच्या उतारावरून खरी उडी मारू द्यायची. त्या दिवशी बायकोने घरी येऊन भांडी घासताना गाणं म्हटलं. सुरात नव्हतं, पण उपसाहेबांनी पेपर खाली ठेवून ऐकलं.

दरम्यान उद्घाटन झालं. तिथूनच सगळं बिनसलं.

अध्यक्ष देहाने भरघोस. त्यांना झोळीत घालायला चौघे लागले. पंखा सुरू झाला, पिसं उडाली, पडद्यावर दरी उलगडली. समोर डावीकडे डोंगर आला. अध्यक्षांनी रुबाबात दांडी उजवीकडे ढकलली आणि ते सरळ डोंगरावर जाऊन आदळले. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'आपण आपटला आहात.' अध्यक्ष म्हणाले, पुन्हा. पुन्हा आपटले. तिसऱ्यांदा ते एका तळ्यात गेले. प्रेक्षकांना वाटलं की धोके समजावून सांगताहेत, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"यंत्र उलटं लावलंय," अध्यक्ष लटकल्या लटकल्या म्हणाले.

"उलटं नाही साहेब," घार म्हणाले. "दांडी पंखाला बांधलेली असते. तुम्ही ती उजवीकडे ढकलली की तुमचं अंग डावीकडे जातं. आणि पंख दांडीचं ऐकत नाही, वजनाचं ऐकतो. अंग जिकडे, पंख तिकडे. हा पहिला धडा आहे."

"मी आयुष्यभर जिकडे वळवलं तिकडेच सगळं वळलंय," अध्यक्ष म्हणाले. "लोकांना सायकलचं हँडल माहीत असतं. त्यांना पाहिजे तसं करा."

आता इथे उपसाहेबांची प्रतिभा जागी झाली. एरवी ती झोपलेली बरी असायची. त्यांनी सुचवलं, की एक स्विच बसवू. एका बाजूला 'वैमानिक', एका बाजूला 'प्रेक्षक'. सकाळी घारांच्या पोरांसाठी अंग जिकडे, पंख तिकडे. दिवसभर लोकांसाठी दांडी जिकडे, पंख तिकडे. स्विचला झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली उपसाहेबांच्या कमरेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे घार म्हणाले, "एका यंत्राला दोन तोंडं देऊ नका. अंगाला कळत नाही कोणतं खरं." पण तोवर उपसाहेब आभार मानायला उभे राहिले होते आणि लोकांनी पिशव्या उचलल्या होत्या.

आणि गर्दी झाली! शाळांच्या सहली येऊ लागल्या, लोक रांगा लावून आपटू लागले. अध्यक्षांनी उपसाहेबांच्या पाठीवर दोनदा थाप मारली. सगळं उत्तम चाललं होतं, फक्त एक काटा सलत होता. एका सकाळी पोरांनी आग्रह करून उपसाहेबांना वैमानिकाच्या बाजूने उडायला लावलं होतं. ते तीनदा आपटले, अध्यक्षांच्याच डोंगरावर. पोरं गप्प राहिली, साहेब म्हणून. हसली ती बायको. वाईट हेतूने नव्हे. तिला खरोखर हसू आलं आणि ती हसली, पोट धरून, डोळे पुसत. पण माणसाचा स्वाभिमान हेतू बघत नाही.

मग उपसाहेब जेवणाच्या सुट्टीत दालनाला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावून एकटेच उडायला लागले. प्रेक्षकांच्या बाजूने. ती बाजू सोपी होती, सायकलसारखी. आठ-दहा दुपारींत ते दरीतून झोकात जाऊ लागले, डोंगराला वळसा घालू लागले, तळ्याच्या काठी अलगद उतरू लागले. कुणी बघायला नव्हतं एवढंच दुःख. घरी जेवताना त्यांचा हात ताटावरसुद्धा गिरक्या घेऊ लागला, आणि बायको म्हणायची, "भाजी सांडतेय."

अखेर वारा मनासारखा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची टेकडीवरची पहिली उडी ठरली. आदल्या संध्याकाळी संग्रहालय बंद होताना ती दालनात आली. "एकदा शेवटचा हात फिरवून घेते," म्हणाली. तिच्या तोंडावर परीक्षेच्या आदल्या दिवशीचा रंग होता.

"आधी मी," उपसाहेब म्हणाले. "तू बघच."

आणि ते असे उडाले की काय सांगावं. डोंगराला वळसा, तळ्यावर गिरकी, काठावर अलगद उतरणं. बायको बघतच राहिली. मग तिने टाळ्या वाजवल्या. "अहो, तुम्ही तर!" एवढंच म्हणाली, पण ते तिने ज्या सुरात म्हटलं, तो सूर उपसाहेबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

मग ती झोळीत शिरली. हुक अडकवताना म्हणाली, "स्विच माझ्या बाजूला केलात ना?"

आता खरं सांगायचं तर उपसाहेबांना आठवलं नाही असं नाही. आठवण दाराशी येऊन उभी होती. पण आत कौतुकाची बैठक बसली होती. स्विच फिरवायचा म्हणजे झाकण उघडायचं, आणि आपण आत्ता प्रेक्षकांच्या बाजूने, सायकलीसारखे उडालो, हे तिच्यासमोर उघडं करायचं. दोन मिनिटांपूर्वीच्या टाळ्या परत द्यायच्या.

"स्विच कुणाच्या डोक्यातून निघाला?" ते जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. "मला विचारतेस?"

ती आपटली. पुन्हा आपटली. "आज काय झालंय मला," ती म्हणाली, आणि तिने दांडी आवळून धरली. तेव्हा उपसाहेब तिच्या शेजारी उभे राहिले आणि अतिशय मायेने तिला शिकवू लागले. "घाबरलीयेस तू. अंगाचा विचारच करू नकोस. दांडी बघ. डावीकडे जायचंय? दांडी डावीकडे. हां. बघ, गेलं की नाही? दांडी जिकडे, तिकडे." तिने त्यांनी सांगितलं तसं केलं, आणि ती उडाली. तासभर ती तसंच करत राहिली, आणि ते तिला शिकवत राहिले. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. दोघं घरी आली ती हसत हसत, वाटेत तिने त्यांचा हातसुद्धा धरला होता.

घरी गेल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. घरी गेल्यावर समोरच्या काकू बसल्या होत्या, उद्यासाठी सल्ले घेऊन. काकू गेल्यावर जेवण. जेवणावर सांगू नये, तिला जेवण जायचं नाही. मग ती लवकर झोपली. झोपलेल्या माणसाला काय सांगायचं? आणि इतके महिने घारांनी शिकवलंय, एका तासाने काय पुसलं जातंय! स्वतःची समजूत काढण्यात उपसाहेबांचा हात कुणी धरला नसता.

सकाळी टेकडीवर छान वारा होता. उतार फार नव्हता, खाली मोकळं माळरान, उजवीकडे काटेरी झुडपांची रांग आणि दगड. वर घार आणि पोरं. खाली माळावर एकटे उपसाहेब, हातात रुमाल, उतरायची जागा दाखवायला. एवढं जबाबदारीचं काम त्यांना प्रथमच मिळालं होतं.

बायको पळत आली. पाच-सहा पावलं, आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले. खरंच सुटले. ती उडत होती, माणूसभर उंचीवर, निळ्या झोळीत, खरी. उपसाहेबांनी रुमाल उंच धरला. मग डावीकडून वाऱ्याचा झोत आला, पंखाचं डावं टोक उचललं गेलं आणि ती उजवीकडे, झुडपांकडे वळू लागली. वेळ होता. अंग डावीकडे टाकायचं, एवढंच. तिने ते केलंही असतं.

पण उपसाहेब ओरडले. भीतीच्या क्षणी माणसाच्या तोंडून जे येतं, जे त्याला एकुलतं एक येत असतं, तेच आलं. "दांडी! दांडी डावीकडे!"

लग्न झाल्यापासून त्यांचं एकही म्हणणं बायकोने दोनदा विचार केल्याशिवाय ऐकलं नव्हतं. पंख्याची कंपनी असो की पडद्यांचा रंग. हे तिने लगेच ऐकलं. तिने दांडी डावीकडे ढकलली, तिचं अंग उजवीकडे गेलं आणि पंख अंगामागोमाग झुडपांत शिरला.

खांदा निखळला, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. समोरच्या काकू म्हणाल्या, मी विम्याचं बोलले होते. इस्पितळात दोघंच राहिल्यावर उपसाहेबांनी सगळं सांगून टाकलं; स्विच, टाळ्या, जेवणावर न सांगणं, सगळं. सांगताना रडलेही. बायकोने छताकडे बघत ऐकलं.

"किती छान शिकवत होतात हो," ती म्हणाली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. खांद्यामुळे ते पूर्ण वळलं नाही.

पुढे चौकशी बसली. आपल्याकडे कुणी पडलं की काहीतरी बसावंच लागतं. लांब टेबलाभोवती अध्यक्ष, लेखाधिकारी, घार, आणि हात गळ्यात बांधलेली बायको. घार त्या दिवशी पहिल्यांदाच वर न बघता समोर बघत बोलले. "वहिनी माझ्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनी. त्या अशा चुकणार नाहीत. दालन तोवर बंदच होतं, दुसऱ्या दिवशी मी जाऊन झाकण उघडायला लावलं. स्विच प्रेक्षकांच्या बाजूला होता. आदल्या संध्याकाळी तो तसा कुणी ठेवला?"

लेखाधिकारी पटकन म्हणाले, "फर्निचरला स्विच असल्याची आमच्याकडे नोंद नाही."

"माझ्याकडून राहिला," बायको म्हणाली. "किल्ली मी मागून घेतली होती. स्विच फिरवायचा विसरले."

ती कुणाकडेच बघत नव्हती. घारांनी उपसाहेबांकडे बघितलं. नाही, हे नाही. हे मी होऊ देणार नाही, असं त्यांच्या मनात अगदी स्पष्ट आलं, आणि ते ताठ उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, मला एक सांगायचंय..."

खुर्च्या सरकल्या. पिशव्या उचलल्या गेल्या. लेखाधिकाऱ्यांनी फाईल मिटली. "हो हो, उपसाहेब," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "माना आभार आणि संपवा, उशीर झालाय."

उपसाहेबांचं तोंड उघडं होतं. त्यातून बाहेर पडायला एक वाक्य तयार होतं, 'स्विच मी ठेवला.' तीनच शब्द. पण त्या तोंडातून इतकी वर्षं उभं राहिल्यावर एकच गोष्ट निघत आली होती, आणि वाट तिलाच पाठ होती.

"सर्वप्रथम," उपसाहेब म्हणाले, आणि ते शब्द ऐकून त्यांना स्वतःलाच कळलं की आता संपलं. त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले. लेखाधिकाऱ्यांचे मानले. क्लबाचे आणि त्यांच्या अमूल्य पंखाचे मानले. "आणि शेवटी," ते म्हणाले, "उपवहिनींचे. प्रकृती बरी नसतानाही... वेळात वेळ काढून..." इथे मात्र त्यांचा आवाज फुटला. लोकांना ते फार हृद्य वाटलं. टाळ्या पडल्या. बायको एका हाताने टाळी वाजवू शकत नव्हती, ती तशीच उठून बाहेर गेली.

यंत्र बंद करून त्यावर मेणकापड टाकलं गेलं. आणि पुढच्या बैठकीत, एक नाजूक प्रकरण संयमाने हाताळल्याबद्दल, उपसाहेबांचा 'उप' काढण्यात आला. पाटी रंगवणाऱ्याने दारावरची दोन अक्षरं खरवडली. खाली लाकूड उघडं पडलं आणि लांबून पुन्हा 'उप'च वाचता येऊ लागलं. सगळे अजूनही त्यांना उपसाहेबच म्हणतात. सवय.

प्लास्टर निघाल्यावर घार घरी आले. "वहिनी, पुढच्या हंगामाला या. मी स्वतः खाली उभा राहीन."

"नको," बायको म्हणाली. "भीती नाही वाटत हो. पण अंगाला आता दोन्ही ठाऊक झालंय. वर गेल्यावर कुठलं आठवेल, माझं मलाच सांगता यायचं नाही."

घार खिडकीतून आभाळाकडे बघत बसले आणि चहा न पिता गेले.

झोळी परत आली, कारण लेखाधिकाऱ्यांच्या मते अशी कुठलीही वस्तू संस्थेत कधी नव्हतीच. उपसाहेबांनी सुचवून बघितलं, "गॅलरीत हुक ठोकू या का? नुसतं पाठीला आराम म्हणून?" बायकोने मान हलवली. तिने कात्री घेतली आणि तीन तीन वेळा मारलेल्या शिलाया एकेक करून उसवल्या. त्या निळ्या कापडाच्या चार पिशव्या झाल्या. पट्ट्यांचे बंद झाले.

"पिशवीला डावं-उजवं नसतं," ती दोरा तोडताना म्हणाली. एवढंच, त्या विषयावर ती त्यानंतर कधी बोलली नाही. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर उपसाहेबांना बरं वाटलं असतं.

आता बाजारहाट उपसाहेबांकडे आहे, कारण बायकोला त्या खांद्याने ओझं उचलवत नाही. परवा भाजीवाल्याने वजन करून बटाटे ओतले आणि पिशवीचे बंद ओढून बघितले. "साहेब, काय दणकट माल आहे! बटाट्यांना कशाला एवढी? यात माणूस मावेल."

"हो," उपसाहेब म्हणाले आणि सुट्टे पैसे न मोजताच निघाले.

जिन्यातच मशीनचा आवाज ऐकू येत होता. ते आत गेले. बायको पाठीला हात लावून उठली आणि चांगला हात तिने पिशवी घ्यायला पुढे केला.

"राहू दे, जड आहे," ते म्हणाले. "बंद तुटायचा."

"त्याला काय होतंय," बायको म्हणाली. "बटाटे काय घेऊन बसलात, त्याने मला उचललंय."

तिने बटाटे टोपलीत ओतले, पिशवी झटकून खुंटीला लावली आणि ती पुन्हा मशीनवर वाकून बसली.